आकड्यांना नावं देणारी माणसं

गेल्या महिन्यात एका तरुण सहकाऱ्याने नव्या चिपची हेडर फाइल तपासायला पाठवली. हजारो स्थिरांक, आणि एकाचंही नाव माणसाने ठेवलेलं नाही. चिपवाल्यांच्या कोष्टकातून स्क्रिप्टने ओतलेले. अमुक बिट काय करतो विचारलं, तर उत्तर आलं, "सर, डेटाशीटमध्ये असेल."

पूर्वी ही नावं माणसं ठेवत. लिनक्स १९९१चं, सुरुवातीच्या वर्षांबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. माझं दशक नव्वदीच्या उत्तरार्धात सुरू झालं. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्त नेटवर्क कार्ड आणावं, तर त्यावर बहुधा रिअलटेकची ८१३९ चिप असे. तिचा लिनक्स ड्रायव्हर नासाच्या गोडार्ड केंद्रात बसणाऱ्या डोनाल्ड बेकरचा. चिपला रीसेट करायचं तर हेक्स ३७ या पत्त्यावर हेक्स १० लिहायचं आणि तो बिट चिप स्वतः उतरवेपर्यंत थांबायचं. बेकरने पत्त्याला म्हटलं ‘चिप-सीएमडी’, बिटाला ‘सीएमडी-रीसेट’. डेटाशीटमधला ‘सीएपीआर’ त्याच्याकडे ‘आरएक्स-बफ-पीटीआर’ झाला: आलेली पाकिटं कुठवर वाचली, त्याची खूण. (तिथे खरा आकडा १६ने कमी करून लिहावा लागतो, हे मात्र त्या नावातूनही कळत नाही. चिपच तशी होती.) फ्रीबीएसडीत बिल पॉलने याच चिपचा ड्रायव्हर लिहिला, टिपणात तिची यथेच्छ खिल्ली उडवली, पण नावं नीट ठेवली. चिप समजल्याशिवाय अशी नावं सुचत नाहीत.

त्याच काळात नावांवाचून उघडे आकडे पेरणारे महाभागही होते. त्यांचे ड्रायव्हर दुरुस्त करण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या. त्यांना माझी माफी नाही. पुढे २०१२मध्ये लिनक्समधल्या मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही कोडात हेक्स आकड्यात दडवलेला, बाईच्या देहावरचा पोरकट विनोद सापडला. कंपनीने माफी मागितली.

पण प्रत्येक नाव चांगलंच असतं असंही नाही. २०१६मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फाइल-परवानग्यांच्या ‘एस-आयआरयूजीओ’छाप नावांपेक्षा (म्हणजे सर्वांना वाचण्याची परवानगी) सरळ ०४४४ वाचायला सोपं, असं ठणकावलं. अनेकांना झोंबलं. मला पटलं, तोंडात न बसणाऱ्या नावापेक्षा ओळखीचा आकडा बरा.

आज बेकरची ती नावं नव्या पॅचमध्ये पाठवा, कर्नलची शैली तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट लहान-मोठ्या अक्षरांच्या मिसळीवरून कुरकुर करील. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची यंत्राने ओतलेली हेडरं मात्र लाखो ओळींनी कर्नलमध्ये बसली आहेत.