गजाचे केस आणि पाचरीचे शास्त्र

व्हायोलिनच्या नादाचे श्रेय सहसा लाकडी पेटीला आणि तारांना दिले जाते. परंतु तारेचे कंपन अखंड चालू ठेवणारी ऊर्जा गजातून येते, आणि गजाचा तारेशी संबंध येतो तो केवळ घोड्याच्या शेपटीच्या केसांमार्फत. एका गजात असे सुमारे १५० ते २०० केस सपाट पट्टीसारखे ताणून बसवलेले असतात. काळाच्या ओघात ते तुटतात, मळतात आणि ताणले जातात, म्हणून नियमित वादन करणाऱ्यांना ते साधारण सहा महिने ते वर्षभराने बदलावे लागतात.

केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकमेकांवर चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि तेच तारेला पकडतात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. परंतु नव्या केसांना राळ लावली नाही, तर गज तारेवरून जवळजवळ निःशब्द घसरतो, यावरून खरी पकड राळेचीच असते हे स्पष्ट होते. पाइन वृक्षाच्या चिकातून टर्पेंटाइन वेगळे केल्यावर जो ठिसूळ घन पदार्थ उरतो, ती ही राळ. तिच्यामुळे तार केसांना चिकटून त्यांच्याबरोबर ओढली जाते आणि तारेचा ताण ती पकड मोडण्याइतका वाढला, की ती निसटून झटकन मागे सरकते व पुन्हा चिकटते. ४४० हर्ट्झच्या स्वरात हे चक्र सेकंदाला ४४० वेळा घडते. या कंपनाचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी उलगडले, तर त्याचा सविस्तर यांत्रिक सिद्धान्त मांडणारा सी. व्ही. रामन यांचा प्रबंध १९१८ मध्ये कोलकात्यात प्रसिद्ध झाला.

केस बदलण्याच्या कामात सर्वांत महत्त्वाची असते ती पाचर. गजाच्या टोकाला एक खाच असते आणि बुडाशी स्क्रूने मागेपुढे सरकणाऱ्या ठोकळ्यात, म्हणजे ‘फ्रॉग’मध्ये, दुसरी. केसांच्या जुडीचे टोक दोऱ्याने घट्ट बांधून टोकाकडच्या खाचेत बसवतात आणि खाचेच्या मापाने तासलेली लाकडी पाचर दाबून ते पक्के करतात; नंतर केस ओले करून, एकही केस दुसऱ्यावर चढणार नाही अशा बेताने विंचरून, फ्रॉगपर्यंत आणतात आणि तेथेही तसेच अडकवतात. शेवटी धातूच्या कडीखाली एक पातळ पाचर सरकवली, की केस समान रुंदीत पसरतात. खाचांतील पाचरी गोंदाने नव्हे, तर अचूक मापामुळे टिकल्या पाहिजेत, कारण पुढच्या वेळी त्या लाकडाला इजा न करता काढायच्या असतात.

केसांची लांबी ठरवणे याहून कठीण असते. केस केराटिन या प्रथिनाचे असतात. ते हवेतील बाष्प शोषून लांबतात आणि कोरड्या हवेत आखडतात. याच गुणधर्माच्या आधारे सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात मानवी केसाचा आर्द्रतामापक तयार केला होता. पूर्ण कोरड्या आणि पूर्ण दमट अवस्थांमधील हा फरक सुमारे दोन टक्के, म्हणजे ६५ सेंटिमीटर लांबीच्या केसांत एक सेंटिमीटरहून अधिक भरतो. त्यामुळे कोकणात किंवा गोव्यात भर पावसाळ्यात केस बसवताना ते किंचित सैल ठेवावे लागतात. अन्यथा तोच गज विदर्भाच्या उन्हाळ्यात गेला, तर स्क्रू पूर्ण सोडूनही ताण उतरत नाही आणि गजाच्या लाकडी काडीचे नाजूक टोक मोडू शकते.

ही काडी सहजासहजी पुन्हा मिळणारी नसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त याने आधुनिक गजाला आकार दिला, तेव्हापासून उत्तम गजांसाठी ब्राझीलमधील पेर्नाम्बुको वृक्षाचे लाकूड वापरले जाते. मात्र हा वृक्ष दुर्मीळ झाल्याने २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. केस एकाच कडेने विरळ झाले, की ताण एकांगी होऊन काडी वाकडी होण्याचा धोका असतो. म्हणून वादन संपताच स्क्रू सैल करावा, केसांना बोटे लावू नयेत आणि एक कड विरळ दिसू लागताच जाणत्या कारागिराकडून केस बदलून घ्यावेत. केस पुन्हा मिळतात, उत्तम काडी मिळेलच असे नाही.