कूस बदलणारे हात

झोपेत उकडले की आपण पांघरूण भिरकावतो, कूस बदलतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सीमुळे तेवढेही जमत नाही. कोलशेतला खाडीचा वारा असला, तरी वैशाखात तोही पडतो. मग तो रात्रभर रडे. "हट्टी आहे हो!" लोक म्हणत. एकदा मीही हात उगारला. तोच हात त्याच्या पाठीला लागला, तर पाठ घामाने चिंब!

मुंबईत १९७२ साली डॉ. मिथु अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली आणि अशा मुलांना शाळेचे दार उघडले. रात्र मात्र घरच्यांनीच काढायची.

डॉक्टरांनी आधी दुखणे, फिट, आम्लपित्त तपासले. मग म्हणाले, "झोप लागताना शरीराची आतली उष्णता थोडी उतरावी लागते." हल्ली उष्णता सांभाळणाऱ्या गाद्या मिळतात, त्यांतला मेणासारखा पदार्थ वितळताना उष्णता शोषतो, गोठताना परत देतो. किंमत ऐकून आम्ही घरी परतलो.

अंथरुणभर पसरलेले मेणकापड कमरेपुरतेच ठेवले. सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांच्या पातळ गोधड्या शिवल्या. हव्या तेवढ्या घालाव्यात, नको तेवढ्या काढाव्यात. रात्री उठून पाठीखाली हात घालते, त्याला कुशीवर वळवते.

परवा तो सलग सहा तास झोपला. सवयीने मीच जागी होते.