बुरंजी : घराघरांत राहिलेला इतिहास

इ. स. १२२८ मध्ये सुकाफा हा ताई वंशाचा राजपुत्र पातकाईच्या डोंगररांगा ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला. त्याने स्थापिलेले आहोम राज्य सुमारे सहाशे वर्षे टिकले. घडलेल्या घटना लिहून ठेवण्याची प्रथा या लोकांत प्रथमपासून होती. अशा वृत्तान्तांना ‘बुरंजी’ असे म्हणतात. मराठी वाचकांना यावरून बखरींची आठवण होईल. प्रारंभीच्या बुरंजी आहोम भाषेत आहेत. पुढे त्या असमिया भाषेत लिहिल्या जाऊ लागल्या.

लेखनासाठी सांची वृक्षाची साल वापरीत. ती वाळवून व घासून गुळगुळीत करीत आणि तिला हरताळ लावीत. त्यामुळे पानांना पिवळा रंग येई व कीड लागत नसे. शाई हिरडा व गोमूत्र यांपासून तयार करीत. दरबारात बुरंजी लिहिल्या जात, तशाच त्या सरदार घराण्यांत आणि देवधाई पुरोहितांच्या घरीही असत.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व अठराव्या शतकात प्रत्ययास आले. राजा राजेश्वर सिंह याच्या कारकीर्दीत (१७५१-१७६९) कीर्तिचंद्र बरबरुआ हा बलाढ्य अधिकारी होता. एका बुरंजीत त्याच्या कुळाविषयी शंका व्यक्त केलेली होती. अशा लेखनाने उद्या राजवंशालाही कलंक लागेल, असे त्याने राजाला पटविले. तेव्हा बुरंजी तपासण्यात आल्या व आक्षेपार्ह वाटलेल्या जाळण्यात आल्या. परंतु ज्यांच्या प्रती इतरत्र होत्या, त्यांतील वृत्तान्त नष्ट करणे कोणालाच शक्य नव्हते.

१८२६ मध्ये आसाम इंग्रजांच्या हाती गेला. तोपर्यंत आहोम भाषा व्यवहारातून लोपली होती. ती वाचणारे मोजके देवधाई तेवढे उरले होते. पोथी शाबूत असूनही ती मुकी होण्याची वेळ आली होती. एडवर्ड गेट यांनी १८९४ मध्ये ऐतिहासिक साधने जमविण्याची योजना आखली. तिच्या अनुषंगाने गोलापचंद्र बरुआ यांनी देवधाईंकडून ती भाषा शिकून घेतली. गेट यांचा आसामचा इतिहास १९०६ मध्ये, तर बरुआ यांनी केलेला बुरंजीचा इंग्रजी अनुवाद मूळ संहितेसह १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. १९२८ मध्ये गुवाहाटी येथे इतिहास व पुरातत्त्वविषयक सरकारी विभाग स्थापन झाला. सूर्यकुमार भुयाँ यांनी संपादिलेल्या अनेक असमिया बुरंजी त्याच्याद्वारे सामान्य वाचकांपर्यंत पोहोचल्या.

पुष्कळ कुटुंबे आपल्या पोथ्या पूज्य मानतात व त्या बाहेर देण्यास तयार नसतात. म्हणून विद्यमान शतकात अशा पोथ्यांची छायाचित्रे घेण्याचे काम हाती घेण्यात आले. पोथी घरात राहते आणि तिची प्रत अभ्यासकास मिळते. एखाद्या प्रदेशाचा इतिहास केवळ कुलपात ठेवून सुरक्षित राहत नाही. त्याच्या प्रती अनेकांकडे असाव्या लागतात आणि त्या वाचता येणारी माणसेही पिढ्यान्‌पिढ्या घडवावी लागतात. बुरंजींचा इतिहास हेच सांगतो.