विश्लेषण : बिबट्याच्या दहशतीत मनाची काळजी कशी घ्याल?

शिरूर तालुक्याच्या ऊसपट्ट्यात दिवस मावळला की घरांची दारे लवकर लागतात. शेजारच्या दौंड तालुक्यातही बिबट्याचा वावर असल्याने ‘आज कुठे दिसला?’ हा प्रश्न अनेक गावांत नेहमीचा झाला आहे. पिंजरे, गस्त, नुकसानभरपाई यांवर पुष्कळ बोलले जाते. मात्र या अनिश्चिततेत रोज जगणाऱ्यांच्या मनाचे काय, याची चर्चा क्वचितच होते.

नेमके काय घडले?

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेड आणि जांबुत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा मृत्यू झाला. त्यांत पाच वर्षांची मुलगी, एक वृद्धा आणि १३ वर्षांचा मुलगा होता. संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले आणि जाळपोळही झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वनविभागाच्या पथकाने नरभक्षक बिबट्याला ठार केले. तरीही पिंपरखेडमध्ये काही जण गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना दिसले.

बिबट्या ठार झाला, मग भीती का गेली नाही?

याचे एक कारण शेतात आहे. उसाच्या फडात बिबट्याला लपायला जागा, पाणी आणि कुत्री-शेळ्यांसारखे भक्ष्य मिळते. मादी तिथेच पिल्ले घालते. तोडणी सुरू झाली की हा आडोसा कमी होतो आणि बिबटे जागा बदलतात. त्यामुळे एक बिबट्या गेला म्हणून धोका संपत नाही.

दुसरे कारण मेंदूत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप आहे का, हे ओळखायचे होते. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य झटका बसे. झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोकांना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण ‘बसेल किंवा नाही’ अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना आला. रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते. म्हणून ही भीती म्हणजे भित्रेपणा नाही. मेंदू त्याचे राखणीचे कामच करत असतो, फक्त त्याला सुट्टी मिळत नाही.

ताण ओळखायचा कसा?

ग्रामीण भागात मनाचा ताण बरेचदा शरीराच्या तक्रारीतून समोर येतो. छातीत धडधडणे, डोके जड होणे, अपचन, अंगदुखी, झोप मोडणे, पाचट वाजले तरी दचकणे, घरात विनाकारण चिडचिड होणे ही त्याची लक्षणे आहेत. मात्र छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

रोजच्या जगण्यात काय करता येईल?

बिबट्या कधी येईल हे आपल्या हातात नाही. पण दिवसातल्या जितक्या गोष्टी ठरलेल्या असतील, तितका मनावरचा भार हलका होतो.

• शेतात जाण्याची वेळ आणि सोबती ठरवून घ्या. रात्रीच्या विजेवर दारे धरायची असतील, तर शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून पाळी लावावी. बॅटरी, काठी आणि मोठ्याने बोलणे सोबत असू द्या. यात सुरक्षितता आहे आणि धीरही.

• व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ दिवसभर पाहू नका. जुने, दुसऱ्या गावचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले व्हिडिओही फिरतात. तारीख आणि ठिकाण कळल्याशिवाय पुढे पाठवू नका. बिबट्या दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

• झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूला ठेवा. मनात चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. पाच मिनिटे असे केल्यास धडधड कमी व्हायला मदत होते.

• झोप यावी म्हणून दारू घेऊ नका. तिने डोळा लागतो, पण झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी अस्वस्थता वाढते.

• पारावर, भजनात, बचत गटाच्या बैठकीत जाणे बंद करू नका. संध्याकाळी जाणे धोक्याचे वाटत असेल तर वेळ बदला, दुपारी भेटा.

मुलांशी काय बोलावे?

‘जेव, नाहीतर बिबट्या येईल’ हे वाक्य आता घरातून हद्दपार करावे. लहान मुले भीती शब्दांत सांगत नाहीत. ती आईला चिकटून राहतात, शाळेला जायला नकार देतात, अंथरूण ओले करतात. अशा वेळी रागावू नका. ‘काही होणार नाही’ असे खोटे आश्वासनही नको. ‘बिबट्या आहे, म्हणून आपण शाळेत सगळे मिळून जातो आणि अंधार पडायच्या आत घरी येतो’, असे साध्या शब्दांत सांगा. ऊसतोड कामगारांची मुले फडाशेजारच्या कोपीत राहतात. त्यांच्याकडे गावानेच अधिक लक्ष द्यायला हवे.

दुःखात असलेल्या घराशी कसे वागावे?

‘पोराला एकटे का सोडले?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका. आई-बाप तो स्वतःला रोज विचारत असतात. घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेचे मानसिक प्रथमोपचार तीन शब्दांत सांगता येतात : पाहा, ऐका, जोडा. गरज काय आहे ते पाहा, बोलावेसे वाटेल तेव्हा ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या. डबा पोहोचवणे, जनावरांची धार काढणे, तहसीलच्या कागदपत्रांसाठी सोबत जाणे हीसुद्धा मानसिक मदतच आहे. दिवसकार्य उरकल्यावर घर रिकामे होते. खरी गरज त्यानंतर असते.

डॉक्टरांची मदत कधी घ्यावी?

अशा घटनेनंतर बहुतेकांचे मन काही आठवड्यांत हळूहळू सावरते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, झोप-जेवण बिघडले, प्रसंग डोळ्यांपुढून महिनाभरानंतरही हटत नसेल किंवा कामच होईनासे झाले, तर मदत घ्या. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत असून मराठीत बोलता येते. गावातील आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, शिरूरचे ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचे उपजिल्हा रुग्णालय येथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी व्यवस्थेतून असे उपचार मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे. तातडीच्या प्रसंगी ११२ वर फोन करा.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार २५ लाख रुपयांची मदत देते. शेळी गेली तरी पंचनामा होतो. भीतीचा पंचनामा मात्र कोणी करत नाही. त्यामुळे शेजाऱ्याची झोप उडाली आहे का, हे आपणच विचारायला हवे.