मनुष्याची इच्छा व पापाचें दास्य

इ. स. ३७० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते नांवाच्या गांवीं कांहीं मुलांनीं मध्यरात्रीं एका झाडावरील नासपतीचीं फळें चोरलीं. फळांना रूप नव्हतें, चव नव्हती, आणि मुलांना भूकही नव्हती. एकदोन चाखून बाकीचीं त्यांनीं डुकरांपुढें टाकलीं. अशा चोऱ्या आपल्याकडील आंबराईंतही होतात, व त्यांची नोंद मुख्याध्यापकांच्या वहीपलीकडे जात नाहीं. थागास्तेच्या चोरीविषयीं मात्र सोळाशें वर्षांनंतरही लोक वाचीत आहेत. कारण त्या टोळींत ऑगस्टीन नांवाचा एक सोळा वर्षांचा मुलगा होता. पुढें हिप्पो येथील बिशप झाल्यावर त्यानें 'कन्फेशन्स' ह्या आपल्या ग्रंथांत तिच्याविषयीं पानेंच्या पानें लिहिलीं.

इतकें काय लिहावयाचें होतें ? घरीं त्याहून चांगलीं फळें असतां हीं कां चोरलीं, हें त्यास उमगेना. शेवटीं त्यानें कबूल केलें कीं, आपणांस फळ नको होतें. मना केलेलें करण्यांतच गोडी होती. शिवाय एकटा असतों तर गेलोंच नसतों, असेंही तो लिहितो. वसतिगृहांतील मुलांनीं हें वाक्य विशेष ध्यानांत ठेवावें !

त्या रात्रीं त्याचा हात कोणीं धरला नव्हता. तो स्वतंत्र होता, असें आपण म्हणूं. पण आतां पुढचा प्रसंग पाहा. इ. स. ३८६ मध्यें हाच ऑगस्टीन इटालींतील मिलान शहरीं वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक आहे. ख्रिस्ती सत्य त्याच्या बुद्धीस पटलें आहे, जुनें विषयासक्त जीवन सोडावें असें त्यास मनापासून वाटतें, आणि तें सुटत नाहीं. मन हातास 'हाल' म्हणतें तों हात हलतो. तेंच मन स्वतःस 'इच्छा कर' म्हणतें, तर मन ऐकत नाहीं, ह्या चमत्काराचा तो विचार करीत बसतो. आणि आपली बेडी कशी घडली, हें त्यास दिसूं लागतें. इच्छा वांकडी झाली, तिच्यापासून वासना झाली. वासनेची सेवा करतां करतां संवय जडली. संवयीस विरोध न केल्यामुळें तीच गरज होऊन बसली. कडीला कडी जोडत गेली. लोहार दुसरा कोणी नव्हता.

ह्या बेडीची प्रस्तुत लेखकास चांगली ओळख आहे. वर्गांत रागानें बोलावयाचें नाहीं, असा निश्चय मी दर जून महिन्यांत करतों, आणि पावसाळा संपेपर्यंत तो टिकल्याचें मला आठवत नाहीं. नोकरीच्या पहिल्या वर्षीं राग मीं आपखुषीनें वापरला, कारण त्यानें वर्ग लवकर शांत होतो. आतां राग मला वापरतो. एकदां एक मुलगा केवळ माझ्या धाकानें खोटें बोलला. त्या खोट्यांत माझा वांटा किती, हें मी अद्याप ठरवूं शकलों नाहीं.

ह्याच्या उलट पक्ष पेलागियस नांवाच्या ब्रिटनमधील साधूचा. हा मनुष्य शुद्ध आचरणाचा होता, आणि रोममधील ख्रिस्ती लोकांचा सैलपणा पाहून त्यास वाईट वाटे. देवा, तूं जी आज्ञा देशील ती पाळण्याची शक्तिही तूंच दे, अशा आशयाची ऑगस्टीनची प्रार्थना कानीं पडतांच तो संतापला. त्याचें म्हणणें सरळ होतें : देव न्यायी आहे; अशक्य गोष्टीची आज्ञा तो करणार नाहीं; म्हणून आज्ञा आहे त्या अर्थी मनुष्यास ती पाळतां येते. आम्ही शिक्षक दिवसभर ह्याच पंथाचे असतों. 'मन लावशील तर येईल' असें म्हटल्यावांचून गणिताचा एक तास तरी घेतां येईल काय ? पेलागियसास केवळ पाखंडी म्हणून हिणवणाऱ्यांनीं त्याची ही कळकळ पाहिली नाहीं, असें मला वाटतें.

तरी त्याच्या तर्कांत एक उणीव राहते. थर्मामीटर ताप दाखवितो, उतरवीत नाहीं. आज्ञा काय करावें तें सांगते. तें करण्याची आवड ती देत नाहीं. ऑगस्टीनच्या मतें पापी मनुष्याची निवड करण्याची शक्ति गेलेली नाहीं. तो जें आवडतें तेंच निवडतो, आणि खरा बिघाड त्या आवडींत आहे. म्हणून हें दास्य म्हणजे नशीब नव्हे. नशीब बाहेरून येतें व मनुष्यास दोषमुक्त करतें. ही बेडी आंतून घडते, म्हणून दोष आपला. आणि घडविणाऱ्या हातांनाच ती पडली, म्हणून ती आपल्याच्यानें तुटत नाहीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत प्रेषित पौल ह्याच कोंडींतून आक्रोश करतो. देवाची कृपा मनुष्यास मागून ढकलीत नाहीं; ती त्याची आवड पालटते, मग तो जें करतो तें स्वखुषीनें करतो.

इ. स. ४१८ मध्यें कार्थेज येथील धर्मसभेनें पेलागियसाच्या मताचा निषेध केला. वाद मात्र मिटला नाहीं. ५२९ मध्यें ऑरेंज येथील सभेनें कृपेची आवश्यकता मान्य केली, पण देव कोणास पापाकरितां नेमून ठेवतो हें साफ नाकारलें. पुढें १५२४ मध्यें इरॅस्मसनें इच्छेच्या स्वातंत्र्याचा कैवार घेतला व १५२५ मध्यें ल्यूथरनें तिच्या दास्याविषयीं ग्रंथ लिहून त्यास उत्तर दिलें. त्या खोल पाण्यांत विद्यार्थ्यांनीं आज उतरण्याचें कारण नाहीं.

ऑगस्टीनची बेडी मिलान येथें तुटली, व ३८७ मध्यें त्याचा बाप्तिस्मा झाला. पण आपण पूर्ण मोकळे झालों असें त्यानें कधींच म्हटलें नाहीं. इ. स. ४३० मध्यें व्हँडल लोकांनीं हिप्पोस वेढा दिला असतां तो अंथरुणास खिळला. वय पंचाहत्तर, बिशप होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटलेला. त्यानें दाविदाचीं पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून समोरच्या भिंतीवर लावून घेतलीं होतीं, आणि पडल्या पडल्या तीं वाचून तो रडत असे.