छोटा डेस्कटॉप : सुधारायचा की बदलायचा? खर्चाआधी 'पिढी' तपासा

बिलोली : पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, अतिवृष्टीच्या अनुदानाची ई-केवायसी, जात आणि उत्पन्नाचे दाखले. तालुक्याच्या ठिकाणी ही सगळी कामे सेवा केंद्रातल्या एक-दोन संगणकांवर चालतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संगणक अडकला, की बाहेरची रांगही अडकते. जागा आणि वीज वाचते म्हणून अनेकांनी टॉवरऐवजी जाड पुस्तकाएवढा छोटा डेस्कटॉप घेतला. आता तो संथ झाला असेल, तर त्यात पैसे घालावेत की नवा घ्यावा?

आधी काय पाहायचे?

प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठीची सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची असून, त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते.

पिढी नावातच कळते. 'आय५-६५००टी' म्हणजे सहावी पिढी, 'आय५-८५००टी' म्हणजे आठवी, 'आय५-१०५००टी' म्हणजे दहावी. शेवटचा 'टी' कमी वीज घेणारा प्रोसेसर दाखवतो. खात्रीसाठी मायक्रोसॉफ्टचे मोफत 'पीसी हेल्थ चेक' ॲप चालवून पाहावे.

प्रोसेसर बदलता येत नाही का?

लेनोवो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी यांच्या अनेक मॉडेलमध्ये प्रोसेसर काढता येतो. पण इथे एक फसगत होते. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटला पिना सारख्याच, ११५१. तरीही सहाव्या पिढीच्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. म्हणजे प्रोसेसर बदलून विंडोज ११ ची अट सहसा ओलांडता येत नाही.

सर्वाधिक फरक कशाने पडतो?

हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि प्रत्येक फाइल शोधायला वेळ जातो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. त्यामुळे संगणक सुरू होणे, ब्राउझर उघडणे, पीडीएफ जतन होणे ही रोजची कामे झटपट होतात. बऱ्याच छोट्या डेस्कटॉपमध्ये अडीच इंची साटा ड्राइव्हची जागा असते. अनेकांत शिवाय एम डॉट टू स्लॉटही असतो. तो स्लॉट साटा आहे की एनव्हीएमई, हे मॉडेल क्रमांकावरून तपासूनच ड्राइव्ह घ्यावी. काम सुरू करण्याआधी सगळ्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घेणे आवश्यक.

रॅम किती हवी?

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी असली, तरी पोर्टलचे चार-पाच टॅब, स्कॅनर आणि प्रिंटर एकदम चालवायचे तर ८ जीबी हवीच, १६ जीबी असल्यास उत्तम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरीवर गेल्यास किती स्लॉट भरले आहेत ते दिसते. 'दोनपैकी एक' असेल, तर दुसरी पट्टी लावता येते.

या डेस्कटॉपला लॅपटॉपची आखूड रॅम लागते. टॉवरची लांब पट्टी बसत नाही. जुनी डीडीआर३ की डीडीआर४, हेही पाहावे. एआय डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली आहे. मायक्रॉनने तर ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' व्यवसाय बंद करत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे बंद पडलेल्या लॅपटॉपमधील चांगली पट्टी जुळत असेल, तर तो पर्याय वाईट नाही.

उन्हाळ्यात का अडकतो?

मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो आणि छोट्या डब्यात हवा खेळायला जागा कमी. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आतली धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदलल्यास अनेकदा नवा सुटा भाग घ्यावाच लागत नाही. डबा मॉनिटरमागे किंवा कपाटात कोंबून ठेवू नये. ॲडाप्टर बदलताना त्याच कंपनीचा आणि तेवढ्याच वॅटचा घ्यावा.

लिनक्स चालेल का?

टायपिंग, ब्राउझिंग, मुलांचा अभ्यास यासाठी नक्कीच. मात्र आधारशी जोडलेले बोटांच्या ठशांचे यंत्र वापरत असाल, तर त्याची आरडी सर्व्हिस मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते. केंद्रचालकांनी हे आधी तपासावे.

नवा किंवा रिफर्बिश्ड घेताना?

मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले छोटे डेस्कटॉप रिफर्बिश्ड बाजारात येतात. स्वस्त दिसणारे बरेचसे सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. नव्यात रॅमचे दोन स्लॉट आणि एम डॉट टू स्लॉट आहे का, ते विचारावे. एन१०० प्रोसेसरच्या स्वस्त डब्यांत रॅमचा एकच स्लॉट असतो, काहींत रॅम बोर्डवरच पक्की असते. ॲपलच्या २०२० नंतरच्या मॅक मिनीत रॅम चिपसोबतच येते, नंतर वाढवता येत नाही. अशा यंत्रात पुढची पाच वर्षे पाहून खरेदीच्या दिवशीच पुरेशी रॅम घ्यावी.

थोडक्यात काय?

आठवी पिढी किंवा पुढची असेल, तर एसएसडी, रॅम आणि साफसफाई यांवर केलेला खर्च वसूल होतो. सातवी किंवा त्याआधीची असेल, तर सरकारी कामाच्या संगणकावर मोठा खर्च टाळावा. त्याला लिनक्स टाकून घरी अभ्यासाला ठेवावे आणि पैसे पुढच्या यंत्रासाठी राखावेत. निर्णय मात्र गर्दीचा हंगाम सुरू होण्याआधी घ्यावा.