फुकटची वीज आणि बारा टोपल्या



शेतकऱ्याचे आणि विजेचे नाते मी तुम्हाला सांगायला नको. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन बांधाने जाणे, डीपी जळाला की लाईनमनच्या मागे फिरणे, उभे पीक सुकत असताना थ्री फेजची वाट पाहणे, हे सारे तुम्ही सोसता. शेतात विजेची किंमत आपल्याला कळते. पण तोच शेतकरी ग्रामपंचायतीच्या मीटिंगला गेला, किंवा पालक म्हणून शाळेत गेला, की रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याकडे त्याचे लक्ष जात नाही. आज या पानावर मोटारीविषयी न लिहिता अशा जागांविषयी लिहितो : शाळा, अंगणवाडी, पंचायत, दवाखाना, कचेरी आणि आपले चर्चसुद्धा.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

शनिवार ते सोमवार

मी ज्या शाळेची व्यवस्था पाहतो तिचे विजेचे बिल दर महिन्याला माझ्यासमोर येते आणि मी सही करतो. एकदा आकडा जास्त वाटला म्हणून शनिवारी दुपारी एक वाजता, शाळा सुटल्यावर, मी मीटरचे रीडिंग वहीत लिहून ठेवले. सोमवारी सकाळी आठला, मुले येण्याआधी, पुन्हा पाहिले. मधल्या काळात शाळेला कुलूप होते. तरी मीटर २४ युनिट पुढे गेला होता.

शिपाईमामांना बरोबर घेऊन शोध घेतला. व्हरांड्यातील चोकवाल्या सहा जुन्या ट्यूब शनिवारपासून जळत होत्या. पाण्याचा कूलर कोणी पिणारा नसताना पाणी थंड करीत होता. संगणकांच्या खोलीत पडदे काळे दिसत होते, पण मुख्य बटण चालूच होते. आणि सातवीच्या वर्गात एक पंखा दोन रात्री भिंतींना वारा घालीत होता.

शिपाईमामा स्वतः शेतकरी. ते म्हणाले, "फादर, एवढ्या करंटात माझी तूर एक पाळी भिजली असती." त्यांचे म्हणणे हिशेबाला धरून होते. तीन अश्वशक्तीची मोटार तासाला पावणेतीन युनिटच्या आसपास वीज घेते. म्हणजे २४ युनिटांत ती आठ-नऊ तास चालली असती. कोळशाच्या विजेला युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. त्या हिशेबाने एका सुट्टीत आम्ही अठरा किलोच्या आसपास कोळसा कोणाच्याही उपयोगाविना जाळला.

यात चोर कोणी नव्हता आणि आळशीही कोणी नव्हते. शिक्षकांना वाटले शिपाई बंद करील, शिपायाला वाटले शिक्षकांनी केले असेल, आणि मला वाटत होते की ते दोघे पाहतात. आपल्याकडे म्हण आहे, बारभाईची शेती, काय लागेल हाती. सार्वजनिक जागेतील विजेचे नेमके हेच होते.

बिल शून्य, मग बचत कशाला?

यावर लगेच उत्तर येते : "फादर, आता वीज फुकट आहे." खरे आहे. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. २०२३ सालच्या जुलैपासून गृहज्योती योजनेत घरांना महिन्याला २०० युनिटपर्यंतची सवलत मिळाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशी, सरकारी शाळा-कॉलेजांनाही वीज व पाणी मोफत देण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली. गरिबाच्या घरी यामुळे चार पैसे उरले, त्याचा मला आनंदच आहे. ज्या सरकारी शाळांत बिल थकून वीज तोडली जाण्याची भीती असे, त्यांनाही मोठा आधार झाला.

पण बिल शून्य आले म्हणजे वीज शून्य खर्चात तयार झाली असे नाही. ती किंमत सरकार अनुदान म्हणून वीज कंपनीला देते, आणि सरकारचा पैसा म्हणजे आपण साबणापासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत भरलेला कर. शिवाय वीज कुठेतरी तयार व्हावी लागते. रायचूरजवळ कृष्णेच्या काठी शक्तिनगरला १९८५ पासून कोळशावर वीज तयार होते. त्या केंद्राची क्षमता १,७२० मेगावॉट आहे. तिथला कोळसा मालगाड्यांनी दुरून येतो. दिवसा सूर्याची आणि वाऱ्याची साथ असते, पण सूर्य मावळल्यावर, गावात दिवे लागतात त्या वेळी, कोळशाच्या भट्टीवर जास्त भार येतो. त्याचा धूर कोणाच्या तरी छातीत जातो, आणि तापणाऱ्या हवामानाचा फटका आधी कोरडवाहू शेतकऱ्याला बसतो. पाऊस लांबला की मूग-उडीद जातो आणि काढणीत कोसळला की सोयाबीन जाते, हे आपण पाहतोच आहोत.

योहानच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आठवा. एका मुलाजवळच्या पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या यांवर प्रभूने हजारो लोकांना तृप्त केले. ती भाकरी कोणी विकत घेतली नव्हती. लागलीच तर आणखीही मिळाली असती, कारण देणारा समोर बसला होता. तरीही सर्वांचे पोट भरल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरल्या. फुकट मिळालेल्या वस्तूची काळजी घ्यावी लागत नाही असे मानणाऱ्याने या बारा टोपल्यांकडे पाहावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात झाडे लावणे, पाणी जपून वापरणे यांच्या बरोबरीने नको असलेले दिवे बंद करणे हेही प्रेमाचे कृत्य म्हणून मोजले आहे. त्याआधी २००८ साली, पोप बेनेडिक्ट यांच्या काळात, व्हॅटिकनच्या मोठ्या सभागृहाच्या छपरावर दोन हजारांहून अधिक सौर पट्ट्या बसवल्या गेल्या.

एकट्याचे काम नाही, गावाचे काम

"मी एक बटण बंद केल्याने काय होणार?" असे वाटणे स्वाभाविक आहे. सीमेपलीकडचे एक उदाहरण देतो. २००५ सालाच्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर होता. त्या वेळी तिथल्या वीज कंपनीने अक्षय प्रकाश योजना आणली. गावाने मिळून ठरवायचे की संध्याकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत फक्त दिवे, पंखे आणि टीव्ही चालवायचे, मोटार किंवा हीटर लावायचा नाही. त्या बदल्यात गावाचे भारनियमन कमी व्हायचे. एकाने चोरून मोटार लावली तर सगळ्या गावाचा दिवा जाण्याची पाळी. म्हणून लोक एकमेकांवर लक्ष ठेवीत. पुढे गावठाणाच्या आणि शेतीच्या लाईनी वेगळ्या होत गेल्या आणि ती गरज कमी झाली, पण धडा राहिला : फायदा डोळ्यांना दिसला आणि जबाबदारी वाटून दिली की माणसे शिस्त पाळतात.

दूरच्या जपानात २००५ पासून उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांतील एअर कंडिशनर २८ अंशांवर ठेवायचा आणि साहेबांनी कोट-टाय काढून साध्या सदऱ्यात यायचे, अशी रीत सुरू झाली. आपल्या देशातही २०२४ च्या मे महिन्यात सी.एस.आय.आर. या सरकारी संशोधन संस्थेने आपल्या लोकांना सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितले. इस्त्री न केल्याने वाचणारी वीज थोडीच असेल, पण साहेब स्वतः चुरगळलेल्या सदऱ्यात आला की खालच्या माणसाला बटणाची आठवण राहते.

आणि आपल्या भागात तर जुनी रीत आहेच. कलबुर्गी विभागात एप्रिल-मे महिन्यांत सरकारी कचेऱ्या सकाळी ८ ते दुपारी दीड चालतात. ऊन चढण्याआधी काम उरकायचे, ही शेतकऱ्याची समज कचेरीनेही मानली आहे. आपल्या संस्थांनी, धर्मग्रामाच्या बैठकांनी आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांनीही उन्हाळ्यात सकाळची वेळ धरावी.

काय करावे

१. मीटरची वही ठेवा. शनिवारी शाळा सुटताना आणि सोमवारी भरताना आठवी-नववीच्या मुलांनी रीडिंग लिहावे. बंद इमारतीत किती युनिट गेले ते फळ्यावर लिहावे. आम्ही एवढेच केले, आणि दोन महिन्यांत सुट्टीचा आकडा चोवीसवरून पाचाच्या खाली आला.

२. प्रत्येक खोलीला एक नाव द्या. 'सर्वांनी बंद करावे' असा बोर्ड कोणी वाचत नाही. या आठवड्यात या वर्गाची जबाबदारी अमक्या मुलाची, असे ठरले की काम होते. कचेरीत शेवटी बाहेर पडणाऱ्याने बटण पाहावे. मुलाला मात्र ओल्या हाताने बटण लावू देऊ नये, आणि बोर्ड फुटका असेल तर आधी तो बदलावा.

३. रिकाम्या खोलीचा हिशेब मुलांना करायला लावा. चार जुने पंखे आणि चार जुन्या ट्यूब मिळून साधारण ५०० वॉट होतात. दोन तास रिकामे चालले की एक युनिट गेले. गणिताचा यापेक्षा चांगला धडा नाही.

४. बदलताना चांगली वस्तू घ्या. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, नवा बी.एल.डी.सी. पंखा ३० वॉटच्या आसपास. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे आहे, तारे पाहून घ्या. जुना मोठा चौकोनी रेग्युलेटर असेल तर पंखा मंद केला तरी फारशी वीज वाचत नाही. सगळे एकदम बदलायला पैसे नसतात, म्हणून जळेल तो बदलताना विचार करावा.

५. टाकीकडे पाहा. वरची टाकी भरून वाहते तेव्हा पाणी आणि वीज दोन्ही वाया जातात. साधी तरंगती घंटीही पुरते. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या कोरड्या उन्हाळ्यात रांजण उत्तम, मात्र तो रोज धुवावा आणि झाकून ठेवावा.

६. छप्पर थंड करा. आपल्या वाडवडिलांच्या माळवदाला पांढरी माती असे, त्यामुळे घर थंड राही. आता पत्रे आणि स्लॅब आले. मार्चमध्ये स्लॅबला पांढऱ्या चुन्याचा जाड हात द्यावा, दक्षिण-पश्चिमेला कडुनिंब लावावा.

७. दिवसा जळणारे रस्त्याचे दिवे दिसले तर ग्रामसभेत बोला. खांबावरच्या तारेला स्वतः हात लावू नका, पंचायतीला किंवा लाईनमनला सांगा.

काय वाचवू नये

ही बाब आरोग्याची आहे, म्हणून नीट ध्यानात घ्या. मुले वाचत असतील तिथला दिवा कमी करू नये. एप्रिलच्या उन्हात वर्गात मुले बसलेली असताना, किंवा दवाखान्यात म्हातारे माणूस रांगेत असताना, पंखा बंद करणे ही बचत नव्हे. शौचालयाच्या वाटेवरचा आणि जिन्यावरचा दिवा हवाच. आणि आरोग्य केंद्रात मुख्य बटणाला हात लावण्याआधी विचारावे : लसींच्या शीतपेटीत २ ते ८ अंशांच्या आत तापमान राखावे लागते. एका रात्रीच्या अतिउत्साहाने गावच्या बाळांची लस निकामी होऊ शकते. घरात कोणाचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल तर तेही तसेच.

आपल्या घरापासून

वीज वाचवल्याने लगेच तुमच्या मोटारीला जास्त तास मिळतील असे खोटे आश्वासन मी देत नाही. शेतीची आणि गावाची लाईन आता पुष्कळ ठिकाणी वेगळी आहे. पण कोळसा एकच, सरकारची तिजोरी एकच, आणि मुलांच्या सवयी एकच. जे मूल शाळेत कोणाच्याही मालकीचा नसलेला दिवा बंद करते, ते उद्या कोणाच्याही मालकीचे नसलेले तळे आणि गायरानही जपेल.

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन आहे. तो दरवर्षी आगमनकाळातच येतो. या आगमनकाळात प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलांच्या शाळेत एकदा जाऊन मीटरची वही विचारावी. सरकारी शाळेत असाल तर एस.डी.एम.सी.च्या बैठकीत विषय काढावा. भांडण करू नये, दोष देऊ नये, फक्त विचारावे. चर्चचा मीटर दाराच्या डाव्या बाजूला आहे. त्याची वही मी मिस्सानंतर तिथेच ठेवणार आहे. आकडा वाढला तर मला विचारा, तो तुमचा हक्क आहे.

गव्हाणीवरचा तारा आपण लावूच. मध्यरात्रीची मिस्सा झाली की तो बंद कोणी करायचा, तेवढे आधी ठरवू या.

प्रभू आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो आणि आपल्या शेताला भरभरून पीक देवो.

तुमचा,
फादर